मटाडोरच्या पोटातली कडी : खंडाळ्याची जुनी अ‍ॅम्ब्युलन्स आणि तिचं हरवलेलं सामान

कानात हेडफोन घालून एसटीत बसला असाल, नाहीतर जेवण झाल्यावर गच्चीवर फेऱ्या मारत असाल. जिथे असाल तिथे स्वागत. आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं काही तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट खंडाळ्याची. थांबा, गाण्यातला तो लोणावळ्याशेजारचा खंडाळा नाही हं. हा आपला सातारा जिल्ह्यातला खंडाळा. पुण्याहून निघालं की शिरवळ ओलांडायचं, डोंगर जवळ यायला लागतो, आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी जे तालुक्याचं गाव लागतं ते हे.

आपल्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. वय बावीस. त्याच्या घरच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मटाडोर उभी आहे. त्याचे चुलते, घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते ही गाडी चालवायचे. गाडी होती अ‍ॅम्ब्युलन्स. पोराला ती पुन्हा जशीच्या तशी उभी करायची आहे. इंजिन झालं, पत्रा झाला, रंगही ठरला. अडलं कुठे? आत! त्यानं लिहिलं होतं, "स्ट्रेचर अडकवायची कडी, सलाईनचा हुक, सिलिंडरचा पट्टा, आतल्या दाराचा हँडल, काहीच मिळत नाही. इंटरनेटवर अमेरिकेतले चकाचक क्रोमचे रोलर दिसतात. ते मागवू का?"

मी म्हटलं, थांब. मागवू नकोस. आधी येतो.

या एका प्रश्नात, मंडळी, आपल्याकडचा आजारी माणूस गेल्या सव्वाशे वर्षांत कसा कसा वाहून नेला गेला, तो सगळा इतिहास दडलेला आहे. चला, उलगडून बघू.

आधी अमेरिकेतल्या त्या रोलरची गोष्ट

'घोस्टबस्टर्स' सिनेमा आठवतोय? १९८४ चा. त्यातली ती लांबलचक पांढरी गाडी म्हणजे १९५९ सालची कॅडिलॅक, मिलर-मीटिऑर कंपनीनं बॉडी बांधलेली. आता गंमत ऐका. अशा गाड्या बांधणाऱ्या कंपन्या अ‍ॅम्ब्युलन्स आणि शववाहिका दोन्ही बनवायच्या. काही गाड्या तर दोन्ही कामांना चालतील अशाच असायच्या. सकाळी रुग्ण, दुपारी शवपेटी!

असं का? कारण अमेरिकेतल्या छोट्या गावांत माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी गाडी एकाच माणसाकडे असायची, ती म्हणजे अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याकडे. मग अपघात झाला की लोक त्यालाच फोन लावायचे.

या दुहेरी गाडीची सगळी करामत आतल्या सामानात होती. जमिनीत बसवलेले रोलर असायचे, ज्यांच्यावरून पेटी सहज आत सरकायची. पेटी हलू नये म्हणून खुंट्या असायच्या. आणि अ‍ॅम्ब्युलन्सचं काम आलं की तेच रोलर उलटे फिरवायचे, म्हणजे जमीन सपाट! भिंतीतून घडीची खुर्ची बाहेर काढायची, छपराला दिवा लावायचा, झाली अ‍ॅम्ब्युलन्स.

पण १९६६ साली अमेरिकेत एक मोठा अहवाल आला. रस्त्यावरच्या अपघातांत माणसं का मरतात, यावर. त्यात स्पष्ट झालं की रुग्णाला नुसतं पोहोचवून भागत नाही, गाडीतच उपचार सुरू व्हायला हवेत. आणि कॅडिलॅकच्या त्या बुटक्या छपराखाली डॉक्टरला धड बसताही येत नव्हतं. १९७४ मध्ये तिथल्या सरकारनं अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नवीन मानकं आणली. बघता बघता उंच छपराच्या व्हॅन आल्या आणि त्या लांब गाड्या हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये गेल्या.

आज तिकडे अशा गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना जुने कॅटलॉग मिळतात. रोलर कुठल्या कंपनीचा, खुंटी कुठल्या सालची, हे छापील पानावर सापडतं.

आपल्याकडे? आपल्याकडे कॅटलॉग म्हणजे तात्या!

पाठ, बाजलं, बैलगाडी

खंडाळा तालुक्यातलं नायगाव तुम्हाला माहीत आहेच. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई फुले तिथे जन्मल्या. शाळेच्या पुस्तकात त्यांचं शिक्षणाचं काम आपण वाचतो. पण त्यांचा शेवट कसा झाला ते आठवा. १८९७ ची प्लेगची साथ. डॉक्टर यशवंत, त्यांचा दत्तक मुलगा, पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला रुग्णांवर उपचार करत होता. मुंढव्याकडच्या वस्तीतला एक प्लेग झालेला मुलगा सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला, असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

म्हणजे बघा, आपल्या भागातली पहिली अ‍ॅम्ब्युलन्स शोधायला निघालो, तर आपण एका सहासष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीपाशी येऊन पोचतो. तिथे कडी नव्हती, हुक नव्हता. दोन हात मागे बांधलेले, एवढंच.

पाठीनंतर येतं बाजलं. वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते सांगतील : "बाजल्यावर घालून चौघांनी सडकेपर्यंत आणलं." सडकेवर बैलगाडी. आणि पुढे नशीब असेल तर रेल्वे. लोणंदचं स्टेशन याच तालुक्यात. त्या मार्गावरून माणसं थेट मिरजेला जायची. कारण मिरजेत १८९४ साली कॅनडाहून आलेल्या डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभं केलं होतं. मोठं ऑपरेशन म्हटलं की "मिरजेला न्या" हे वाक्य सातारा-सांगलीत पिढ्यान् पिढ्या म्हटलं गेलंय.

दुसरा प्रवाह पाचगणीचा. क्षयाच्या रुग्णांना कोरडी हवा हवी, म्हणून तिथे आरोग्यधामं होती. मुंबई-पुण्याहून निघालेला खोकणारा माणूस खंडाळ्यावरूनच जायचा. खंबाटकी चढायचा, सुरूरहून वाईकडे वळायचा आणि मग पसरणीचा घाट. तेव्हा आपला खंडाळा म्हणजे रुग्णांच्या वाटेवरचा टप्पाच होता म्हणा ना.

एक मोजमाप, जे सगळ्या जगात पोचलं

आता जरा सामानाकडे वळू. अ‍ॅम्ब्युलन्सच्या आतलं सगळं कशावर ठरतं? स्ट्रेचरच्या मापावर.

इंग्लंडमध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स संघटना १८७७ साली सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक जॉन फर्ली. त्याच्या नावाचं स्ट्रेचर ब्रिटिश लष्करात आणि साम्राज्यात सगळीकडे गेलं. दोन लाकडी दांडे, मध्ये कॅनव्हास, खाली छोटे पाय, आणि दांडे एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या बिजागरीच्या लोखंडी पट्ट्या. दांड्यांची लांबी ७ फूट ९ इंच, कॅनव्हास ६ फुटांचा. बोअर युद्धात गांधीजींनी नाताळमध्ये भारतीयांचं जे पथक उभं केलं, सुमारे ११०० माणसांचं, त्यांनी अशीच स्ट्रेचरं खांद्यावर घेऊन मैलोन् मैल पायपीट केली.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी मानकात स्ट्रेचरची लांबी २२९ सेंटीमीटर ठरली. म्हणजे साडेसात फूट. फरक किती? तीन इंच. पण हे तीन इंच फार महत्त्वाचे! कारण जमिनीतल्या दोन कड्यांमधलं अंतर मोजलं, की गाडी कुठल्या स्ट्रेचरसाठी बांधली होती त्याचा अंदाज येतो.

आम्ही खंडाळ्यात शेडमध्ये गेलो तेव्हा सगळ्यात आधी टेप काढला तो याचसाठी.

मटाडोरच का?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मटाडोर पाहिलीही नसेल. तिची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पो सुरू झाली. एन. के. फिरोदियांचं त्यात मोठं काम. आधी तीन चाकी गाडी आली, आणि तिच्यामुळे 'टेम्पो' हा मराठी शब्दच होऊन बसला. १९६९ मध्ये मटाडोर आली. पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना. २००५ मध्ये याच कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

मटाडोरचं वैशिष्ट्य काय? इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जायची. म्हणून मागे जमिनीखालून लांब फिरता दांडा नाही, आणि म्हणून मागची जमीन खाली, सपाट. स्ट्रेचर उचलून ठेवणाऱ्या दोन माणसांच्या कंबरेला विचारा, जमीन वीतभर खाली असण्याचं मोल काय असतं ते!

त्याच्या आधी काय होतं? १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्रं त्यांच्याकडे गेली. केंद्राला वाहन असायचं ते बहुतेक जीप. जीपमध्ये माणूस आडवा झोपवायचा म्हणजे मागचं फळकूट उघडून पाय बाहेर! अ‍ॅम्बॅसडरचीही अ‍ॅम्ब्युलन्स निघायची. पण पाच-सहा माणसं, रुग्ण, डबे, वळकटी, सगळं एका वेळी नेईल अशी गाडी म्हणजे मटाडोर. आणि तीच मटाडोर दुसऱ्या अवतारात वडापला धावायची. आतली बाकडी काढली की अ‍ॅम्ब्युलन्स, बाकडी बसवली की वडाप.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

तात्यांची कडी

आता शेडमध्ये चला. तात्या बाजेवर बसलेले. मी म्हटलं, "तात्या, आत नक्की काय काय होतं?" ते म्हणाले, "आवो, कंपनीनं काय दिलं हुतं? मोकळा डबा! बाकी आपणच केलं."

आणि मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली.

जमिनीतली कडी हायवेवरच्या एका लोहारानं केली होती. तीन सुती सळई वाकवून. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडचे मेस्त्री अजून त्याच हिशोबात बोलतात. बाकाखालची पेटी प्लायवूडची, वर रेक्झिन, आत काथ्या. एसटीच्या सीटला असायचा तसाच. खिडकीची सरकती काच आणि तिचं चॅनेल तर सरळ बसच्या बॉडीचं. त्या काळी बसची बॉडी बांधणाऱ्यांकडे जे सामान पडून असायचं, तेच अ‍ॅम्ब्युलन्सला लागायचं.

पुतण्या हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे ओरिजिनल असं काही नव्हतंच?"

मी म्हटलं, उलट! हेच ओरिजिनल. आपल्या गाड्यांचा खरेपणा लोहाराच्या भट्टीत आहे. तू अमेरिकेचे रोलर बसवलेस तर गाडी दिसेल झकास, पण ती खोटं बोलेल. कारण आपल्याकडे शवपेटीचे रोलर लागलेच नाहीत कधी.

शववाहिकेचं आतलं जग वेगळंच

इथे जरा थांबू. पुतण्याला रोलर आवडले, कारण इंटरनेटवर अ‍ॅम्ब्युलन्स आणि शववाहिका शेजारीशेजारी दिसतात. पण रूढी बदलली की सामान बदलतं.

आपल्याकडे बहुसंख्य घरांत पेटी नसते, तिरडी असते. बांबूची, त्याच दिवशी बांधलेली, आणि पुन्हा कधीच न वापरायची. तिला रोलर काय करणार? बांबू त्यात अडकेल. म्हणून आपल्या वैकुंठरथात मध्ये एक पत्र्याचा ओटा असतो, कडेला बोटभर उंच काठ, धुऊन पाणी जायला उतार. आणि दोन्ही बाजूंना बाकं, कारण घरची माणसं शेजारी बसून जातात.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे शेवटचं दर्शन घ्यायचं असतं. ३१ जानेवारी १९४८ ला गांधीजींची अंत्ययात्रा निघाली ती लष्कराच्या डॉज गाडीवर. रातोरात त्या गाडीचा मागचा भाग बदलून उंच केला होता, का? तर रस्त्याकडेच्या प्रत्येकाला दिसावं म्हणून. आणि इंजिन बंद ठेवून सैनिकांनी ती दोरांनी ओढली. जगातल्या सगळ्यात मोठ्या अंत्ययात्रांपैकी एक, आणि त्यातली गाडी एका रात्रीत कामचलाऊ बदललेली! कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडणार ते सामान?

मग खरं सामान ओळखायचं कसं?

हा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी आहे. मोबाइल हातात आहेच, तोच तुमचं मोठं हत्यार.

पहिलं : भोकं बुजवू नका. रंगकाम करणारा आला की तो आधी पुट्टीनं सगळी भोकं बुजवतो. त्याला थांबवा. प्रत्येक भोक म्हणजे पुरावा. शेजारी टेप धरून फोटो काढा. चार भोकं चौकोनात असतील तर तिथे पट्टी होती, दोनच असतील तर हुक. जुन्या रंगाखाली वस्तूची सावली राहते. वस्तू बसवून वर रंग मारलेला असतो ना, ती निघाली की खाली वेगळा रंग दिसतो, अगदी तिच्याच आकाराचा. तात्यांच्या गाडीत छपराला असा एक फिकट गोल सापडला. तिथे दिवा होता.

दुसरं : पाना लावून बघा. जीप अमेरिकन वंशाची, तिचे नटबोल्ट इंची. अ‍ॅम्बॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, तीही इंचीच. मटाडोर जर्मन वंशाची, म्हणून मेट्रिक. १०, १३, १७ चे पाने. आता मटाडोरच्या पोटात इंची बोल्ट सापडला, तर समजायचं की तो कंपनीचा नाही, गावच्या मेस्त्रीनं हाताला लागेल तो घातलाय. त्याला फेकू नका. तोच तर तुमच्या गावाचा इतिहास.

तिसरं : धातू ओळखा. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं आणि खरवडल्यावर पिवळं दिसलं तर पितळ. पितळेवर हिरवट मळ येतो, पण ते घासून पुन्हा पॉलिश होतं, पुन्हा क्रोमही चढतो. हलकं असेल तर अ‍ॅल्युमिनियम. आणि जड, राखाडी, अंगावर फोड आल्यासारखं असेल तर तो जस्ताचा ओतीव माल, ज्याला बाजारात मझाक म्हणतात. आणि हा मझाक भारी पडतो, कारण एकदा फोड आले की प्लेटिंगवाला हात जोडतो. अशा वेळी जुन्याचाच साचा करून पितळेत ओतून घ्यायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि सांगलीकडे ओतकाम करणारे हात अजून आहेत.

चौथं : लेबल वाचा. वस्तूवर आयएसआयचा शिक्का आहे? भारतीय मानक संस्था १९४७ ची, १९८७ पासून तिची जागा बीआयएसनं घेतली. पत्त्यात पिनकोड आहे? मग वस्तू १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. पत्त्यात इंग्रजीत 'बॉम्बे' आहे? मग बहुतेक १९९५ च्या आधीची. एका छोट्या पत्र्याच्या चिठ्ठीवर एवढं वाचता येतं!

पाचवं, आणि हे ऐकून तुम्ही हसाल : सरकारी दप्तर. आरोग्य केंद्राची गाडी असेल तर तिच्यातल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद 'जडसंग्रह नोंदवही'त असायची. स्ट्रेचर एक, सिलिंडर एक, चावी एक. आणि वस्तू मोडीत काढताना 'निर्लेखन' प्रस्ताव व्हायचा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. साधा अर्ज करा. ट्रस्टची किंवा साखर कारखान्याची गाडी असेल तर त्यांचे जुने वार्षिक अहवाल बघा. गाडीच्या पूजेचा फोटो हमखास असतो. नारळ फोडणाऱ्या पाहुण्यांच्या मागे उघडं दार असतं, आणि त्या दारातून आतलं सामान दिसतं. पाहुण्यांना सोडा, दारातून डोकवा!

सहावं : झीज वाचा. हे मला तात्यांनी शिकवलं. खंडाळ्याहून साताऱ्याच्या सिव्हिलला जायचं तर खंबाटकी चढायचा. चढाला स्ट्रेचर मागच्या दाराकडे सरकतं. उताराला ड्रायव्हरकडे. बोगदा झाला तो अलीकडे, २००० च्या सुमारास. त्याआधी दोन्ही बाजूंची वाहतूक घाटातूनच, ट्रकच्या मागे मुंगीच्या पावलानं. तेवढा सगळा वेळ रुग्णाचं वजन मागच्या एका कडीवर. आम्ही ती कडी हातात घेतली. एका बाजूनं ती निम्मी झिजली होती. पुढची तुलनेनं धड. आता सांगा, नवी कडी विकत आणली असती तर घाटाची ही खूण कुठे गेली असती?

सलाईनचा हुक

आणि मग तो हुक. पुतण्यानं बाजारातून स्टीलचा नाजूक हुक आणून ठेवला होता. तात्यांनी तो हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, "ह्यानं बाटली टिकंल व्हय?"

कारण त्यांच्या डोळ्यापुढे काचेची बाटली होती. आज सलाईन प्लास्टिकमध्ये येतं, अर्धा लिटरच्या आसपास, हलकं. काचेची बाटली जड, घाटात वळणावर हेलकावे घेणारी, आणि फुटली तर रुग्णाच्या अंगावर. म्हणून त्यांच्या गाडीत हुक नव्हताच, एक लोखंडी कडं होतं, ज्यात बाटलीचं बूड बसायचं, आणि वर सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा. ट्यूब! कुठल्या म्युझियममध्ये तुम्ही ट्यूब ठेवाल? पण तेच बरोबर सामान आहे.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचंही तसंच. काळं अंग, पांढरे खांदे, हा आपल्याकडचा मानक रंग. त्याला भिंतीशी धरणारी पट्टी आणि घट्ट करायला विंग नट, म्हणजे पाना न शोधता बोटांनी सोडवता यावा. सिलिंडर नवा मिळेल, पण शोभेसाठी भरलेला सिलिंडर गाडीत ठेवू नका हं. रिकामा, तपासून घेतलेला ठेवा. उन्हात तापलेल्या शेडमध्ये दाबाचा सिलिंडर म्हणजे खेळ नव्हे.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी सांगितलं, की त्या कड्यातली बाटली एका रात्री घाटाच्या मध्यावर संपली होती. आत एक बाळंतीण होती. पुढे ट्रक आडवा. दुसरी बाटली नव्हती. तिची सासू सगळा वेळ रिकाम्या बाटलीकडे बघत बसली. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "त्यानंतर मी बाकाखाली दोन जादा बाटल्या ठेवायचो. तिथं बघा, फळीला दोन गोल खाचा हायेत."

आम्ही बाकाखाली टॉर्च मारला. खाचा होत्या. आम्ही त्या उंदरानं कुरतडल्यात असं समजलो होतो. पुतण्या ती फळीच बदलणार होता.

आत्ताच का घाई?

तुम्ही म्हणाल, बरं आहे, जुन्या आठवणी. पण मंडळी, इथे खरंच वेळ कमी आहे.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारच्या नियमानं, १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही. त्या मोडीत जातात. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी अ‍ॅम्ब्युलन्स कुणालाच नको. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आली, ९३७ गाड्यांनी. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी एआयएस-१२५ नावाचं भारतीय मानक आलं, त्यात गाड्यांचे ए, बी, सी, डी असे प्रकार ठरले. आज आतली प्रत्येक कडी कशी हवी हे कागदावर आहे. हे चांगलंच झालं. रुग्णाचा जीव कुणा लोहाराच्या अंदाजावर सोडू नये, हे तात्याही मान्य करतात.

पण गाडी भंगारात गेली की आधी आतलं सामान जातं. पितळ किलोवर, अ‍ॅल्युमिनियम किलोवर. आणि फळी? ती तर शेकोटीत. म्हणून सांगतोय : तुमच्या गावच्या दवाखान्यामागे अशी गाडी झुडपात उभी असेल, तर तिथल्या डॉक्टरांची परवानगी घ्या आणि जायच्या आधी फोटो काढा, मापं घ्या. सुटं सामान काढून आणू नका, ती सरकारी मालमत्ता आहे. फोटोला मात्र परवानगी सहसा मिळते.

ज्यांची गाडी खासगी आहे त्यांच्यासाठी आणखी एक. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आणि अट काय? गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. सवलत दुचाकी आणि प्रवासी गाड्यांसाठी आहे, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून नोंदलेली गाडी असेल तर खर्च करण्याआधी आरटीओत कागद दाखवून विचारा. आणि सायरन, वरचा दिवा? बसवा, पण वायर सुटी ठेवा. रस्त्यावर तो वाजवायचा अधिकार रुग्ण नेणाऱ्या गाडीचा आहे, आपल्या हौसेचा नाही.

शेवटी काय ठरलं?

पुतण्यानं अमेरिकेची ऑर्डर दिली नाही. झिजलेली कडी झिजलेलीच बसवायची ठरली, कारण आता तिच्यावर कुणाचा जीव टांगलेला नाही. छपराचा दिवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोधायचा, त्या फिकट गोलाचं माप कागदावर कापून सोबत नेऊन. बाटलीचं कडं गावातच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, तात्या समोर उभे राहून. पोरानं सळई मोजायला व्हर्नियर काढला, तात्या म्हणाले, "तीन सूत घे रं, कशाला यंत्र!"

फक्त एका गोष्टीवर दोघांचं जमलं नाही. पुतण्याला बाकाच्या फळीवर नवा सनमायका लावायचा होता. तात्या नको म्हणाले. शेवटी असं ठरलं, की वर रेक्झिन नवं, पण खाली ती दोन खाचांची फळी तशीच. वरून दिसत नाही. पण वाकून बघणाऱ्याला दिसते.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरात किंवा गावात रुग्णवाहिका, एसटी, ट्रक, जीप चालवलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा. फोनचा रेकॉर्डर चालू करा, त्यांना सांगून. आणि "इतिहास सांगा" असं म्हणू नका, ते गप्प होतील. विचारा, "गाडीत आत काय काय होतं?" बघा, कडीपासून सुरू होईल आणि कुठल्या कुठे जाईल.

तुमच्याकडचे फोटो, मापं, किस्से आम्हाला पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या भागात घेऊ. तोवर घाटात सावकाश गाडी चालवा, आणि मागून सायरन ऐकू आला की बाजूला व्हा. आत कुणाची तरी सासू बाटलीकडे बघत बसलेली असते.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!